दीड हजाराचा पडदा आणि न थांबणारी पोरं

पर्यटकांना संध्याकाळी दाखवायचं काय, हा देवबागातल्या आम्हा निवास-न्याहारीवाल्यांचा कायमचा घोर. समुद्र सहापर्यंत पुरतो. मग माणसं व्हरांड्यात येऊन मोबाईल काढतात आणि वायफाय चालत नाही म्हणून मला ऐकवतात. तेव्हा यंदा नाताळच्या गर्दीआधी भाड्याचा प्रोजेक्टर आणून बघायचा ठरवला. पाहुण्यांवर एकदम प्रयोग नको, पहिली रात्र घरच्यांवरच. अनुभव लिहितेय, कारण आमच्या व्यवसायातल्या तिघीचौघींनी विचारलंय. भाड्याने देणाऱ्याचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, पोरगा नवीन आहे, आणि त्याची आई बाजारात भेटते.

दर असा: एका रात्रीचे दीड हजार, अनामत हजार. त्यात प्रोजेक्टर, आठ बाय सहाचा पडदा, पडद्याचा स्टँड आणि चाकं असलेला एक स्पीकर. पोहोचवणं त्याच्याकडे. साडेपाचला पोरगा स्कूटीवरून आला, पडद्याची गुंडाळी पायाशी आडवी, स्पीकर मागे सुतळीने बांधलेला. आमच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या टेम्पोला ती गुंडाळी कशी लागली नाही हे रवळनाथालाच ठाऊक.

सिनेमा निवडला पुतणीने. ती कुडाळला कॉलेजात आहे. तिने आणि तिच्या दोन मित्रमैत्रिणींनी स्टीफन किंगचं ‘द लाँग वॉक’ वाचलंय, एकाच प्रतीवर तिघांनी, मधली पानं सुटलेली. त्यावरचा सिनेमा सप्टेंबर २०२५मध्ये आला तेव्हा आमच्या बाजूला काही तो बघायला मिळाला नाही. इंग्रजी सिनेमासाठी गोवा गाठायचं तर पेट्रोल, जेवण, परतीची रात्र. तीन महिने ही पोरं फोनवर लोकांची रडगाणी वाचत होती. कोण म्हणे थिएटरातून बाहेर पडून गाडीत अर्धा तास नुसता बसला, कोणाला रात्री झोप नाही. आपण मागे राहिलो याचंच यांना दुःख. मग ऑनलाइन रीतसर भाड्याने घेतला आणि पुतणीच्या लॅपटॉपवरून लावला.

मला आधी गोष्ट सांगितली ती अशी. अमेरिकेत लष्कराचं राज्य आहे. दरवर्षी काही तरुण पोरांना रस्त्यावर चालायला लावतात. ठरलेल्या वेगाच्या खाली गेलात की सूचना. तीन सूचना झाल्या, तरी वेग पकडला नाही, की शेजारून चालणाऱ्या गाडीतले सैनिक गोळी घालतात. झोप नाही, बसणं नाही, आडोसा नाही. शेवटी एकच उरतो, त्याला पैसा आणि मागेल ते एक. मी म्हटलं, हे पाहुण्यांना दाखवायचं? पुतणी म्हणाली, काकी, पाहुण्यांना तू ‘अशी ही बनवाबनवी’ दाखव, आज आमचा दिवस आहे.

आधी यंत्राचं सांगते. खोक्यावर उजेडाचं माप म्हणून नऊ हजार ल्युमेन्स छापलंय. असल्या स्वस्त प्रोजेक्टरवरचा हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. मोजायची एक ठरलेली पद्धत आहे, तिला अँसी ल्युमेन्स म्हणतात. तो आकडा विचारा, आणि पोरगा खाली बघायला लागला की समजा. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पावणेसातपर्यंत पडद्यावर धुक्याशिवाय काही दिसेना. पूर्ण काळोख झाला, व्हरांड्यातला, न्हाणीतला, शेजाऱ्यांच्या अंगणातला असे सगळे दिवे मालवले, तेव्हा कुठे माणसांना नाकडोळे आले.

पडद्याचा स्टँड हलका आहे. शहरातल्या हॉलसाठी ठीक, पण आमच्याकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. वारा सुटला तसा पडदा शिडासारखा फुगला आणि स्टँडसकट तुळशीकडे निघाला. भावजींनी जुन्या रापणीचा दोर आणला, वरची दोन टोकं माडांना ओढून बांधली आणि खालच्या काठाला जाळ्याची शिशाची वजनं लटकवली. त्यानंतर पडदा हलला नाही. तुम्ही घेणार असाल तर दोर आणि वजन घरचं ठेवा.

स्पीकर भजनाचा. म्हणजे तो ज्याच्यासाठी आणला जातो त्यासाठी उत्तम: पखवाज, दशावतारातली लढाई, क्रिकेटची कॉमेंट्री. इथे बोलणं कमी ऐकू येत होतं आणि बंदूक मात्र पोटात वाजत होती. प्रत्येक गोळीला शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायचा. पहिल्या तासात पोरं त्यावर हसली. नंतर गोळी झाली की सगळे कुत्र्याची वाट बघायला लागले, आणि ते काही हसण्यासारखं राहिलं नाही.

एक चूक माझी. वाडीतली बारकी पोरं पडदा बघून जमली, मी त्यांना खाजं वाटून पुढे बसवली. ट्रेलर बघून ठेवायला हवा होता. पहिला मरतो तो अगदी कोवळा पोरगा, पायात गोळा येतो म्हणून मागे पडतो. कॅमेरा तोंड फिरवत नाही. मी उठून पडद्यासमोर पदर धरला, पण आठ फुटांच्या पडद्याला पाच वारांचा पदर कुठे पुरतोय! बारा वर्षांखालच्या सगळ्यांना हाताला धरून घरी पोहोचवलं आणि दोन आयांची बोलणी खाल्ली. हा सिनेमा मोठ्या माणसांचा आहे. आणि जेवणाआधी बघू नका, त्यात पोटं बिघडलेली पोरंही चालताचालताच सगळं उरकतात. मी कोंबडी-वडे केले होते. दुसऱ्या दिवशी वडे गरम करून खाल्ले.

तिन्ही पोरांचं सिनेमापेक्षा पुस्तकाशी ताडून बघणंच जास्त. पुस्तकात शंभर जण चालतात, इथे पन्नास. पुस्तकात ताशी चार मैल, इथे तीन. त्यांच्यातला मुलगा चिडला, म्हणाला वेग कमी करून सोपं केलंय. मी हिशेब विचारला. तीन मैल म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या थोडं वर, चार म्हणजे सहाच्या वर. मी सकाळी वाळूतून चालते, मला चार किलोमीटरला तास लागतो आणि त्यात दोनदा थांबून कंबर धरते. आमच्याकडून मालवणचा बाजार बारा किलोमीटर धरला तर सिनेमातल्या वेगाने अडीच तास. तिथे माशांचा भाव विचारायला थांबलात की मेलात. सोपं कसलं? चार मैलांनी दिवसरात्र कोण चालेल, हा माझा प्रश्न. पुस्तक किंगने कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना लिहायला घेतलं होतं आणि ते १९७९ साली रिचर्ड बाखमन या टोपणनावाने छापलं गेलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला चार मैल वेग किरकोळ वाटला असेल.

पुतणीने आणखी एक सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. सिनेमा लागायच्या आधी, ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियात एक खेळ ठेवला होता, त्यात प्रेक्षकांना खुर्च्या नाहीत, ट्रेडमिल. ताशी तीन मैलांनी चालत सिनेमा बघायचा, वेग सोडला की बाहेर. सिनेमा १०८ मिनिटांचा आहे, म्हणजे साडेआठ किलोमीटरच्या वर. आणि लोक हौसेने गेले! हौसेला मोल नाही म्हणतात, तिथे घामही फुकट.

मला इंग्रजी अर्धं कळतं. खालच्या ओळी अर्ध्या पडद्याबाहेर, तुळशीवृंदावनावर पडत होत्या, कारण पोरग्याने यंत्र स्टुलावर तिरकं लावून दिलं होतं आणि चित्र चौकोनी करायचं बटण कुठलं ते सांगितलं नव्हतं. ते बटण मागे आहे, कीस्टोन म्हणतात, पाऊण तासाने सापडलं. तोपर्यंत पुतणी कानात भाषांतर करत होती. पण खरं सांगते, फार गरज नव्हती. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स, ‘हंगर गेम्स’चे बरेचसे भाग त्याचेच. तिथे झगमगाट आहे, इथे नुसता रस्ता, शेतं, पाऊस आणि पावलं. कूपर हॉफमन आणि डेव्हिड जॉन्सन ही दोन पोरं चालताचालता मैतर होतात, एकमेकांना खांदा देतात, आणि दोघांनाही माहीत आहे की दुसरा पडल्याशिवाय आपण वाचत नाही. ते चेहऱ्यांवर दिसतं. हे चालणं चालवणारा काळ्या चष्म्याचा मेजर म्हणजे मार्क हॅमिल. मुलाने दोनदा सांगितलं की हा ‘स्टार वॉर्स’मधला हिरो. मला तो आमच्या जुन्या पीटीच्या मास्तरांसारखा वाटला, तसाच घशातून बोलणारा.

रात्रीचे प्रसंग मात्र या प्रोजेक्टरने खाल्ले. काळं काळं दिसतच नाही, राखाडी दिसतं. त्यात पडद्याच्या उजेडाला पाकोळ्या आल्या आणि पाकोळ्यांना पाल आली. मेजर भाषण करत असताना ती त्याच्या चष्म्यावरून शांतपणे गेली. अंधारातला सिनेमा असल्या यंत्रावर लावू नका.

आता लाईटचं. पोरग्याने विचारलं होतं, इन्व्हर्टरवर लावू का? मी म्हटलं नको, पंखे बंद पडतील. गॅरेटी, म्हणजे तो मुख्य पोरगा, आपल्या गावाजवळ येतो. आई रस्त्याच्या कडेला उभी असते. तो रांग सोडून तिच्याकडे धावतो, सूचना सुरू होतात, मैतर त्याला मागे खेचायला जातो, आणि लाईट गेली. पुतणीने अशी किंकाळी मारली की कुत्रा पुन्हा भुंकला.

बारा मिनिटं लाईट नव्हती. मी मेणबत्ती शोधायला उठणार तोच भावजी बोलायला लागले. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, पुतणीचे वडील. आता पर्यटकांच्या होडीवर असतात. करोनाच्या साली मुंबईत होते, लालबागला गावाच्या खोलीत राहायचे. एरवी पाळीपाळीने झोपायची ती खोली, टाळेबंदीत पंधराच्या पंधरा जण आत. मे २०२०मध्ये ते आणि गावचे दोघे चालत निघाले. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘भावजी चालत आले’ एवढंच ठाऊक, त्यापुढे ना कोणी विचारलं ना त्यांनी सांगितलं.

“नागोठण्याक माजी चप्पल तुटली,” ते म्हणाले. “सुतळेन बांधलंय. कोलाडाक अंगठ्याचा नख गेला. रातीचे चलू, दिवसा पोलीस. एकदा बसलास काय परत उठाक जमना नाय, म्हणान उभ्यानच पाणी पिवचा. ह्या पोरांचे पाय बघ, टाच आधी टेकणत नाय. बरोबर दाखवल्यानी.”

पनवेलपासून महाडपर्यंत चार दिवस. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे. ही नावं त्यांनी काळोखात एस्टीच्या कंडक्टरसारखी ओळीने घेतली. महाडाहून भाजीच्या टेम्पोने खारेपाटणपर्यंत, तिथे नाका, तपासणी, आणि मग गावच्या शाळेत चौदा दिवस.

त्या शाळेचं मला सांगायची गरज नव्हती. मुंबईहून येणाऱ्यांना थेट घरात घ्यायचं नाही हे ठरवायला आम्ही ग्रामपंचायतीसमोर जमलो होतो, त्यात मी होते. सासूबाई ऐंशीच्या, दम्याच्या. मी मान डोलावली. चुकीचं केलं असं आजही म्हणवत नाही. रोज शाळेच्या गडग्यावर डबा ठेवायचा, दहा पावलं मागे व्हायचं, मग भावजींनी येऊन उचलायचा. पाय कसे आहेत, हे मी विचारलं नाही. त्यांनी पायांत प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, त्या मी बघितल्या होत्या.

“हिची आवस हिका घेवन गडग्याकडे येय,” भावजी पुतणीकडे मान करून म्हणाले. “ह्या हात करी. माका वाटायचा, उडी मारून जावचा.”

पुतणी तेव्हा तेरा वर्षांची होती. ती काहीच बोलली नाही. तिची मैत्रीण, जी सगळ्यांत आधी रडेल अशी माझी पैज होती, ती मोबाईलची बॅटरी लावून जमिनीकडे धरून बसली होती.

लाईट आली. पण हा प्रोजेक्टर पुन्हा सुरू व्हायला स्वतःचा वेळ घेतो. आधी कंपनीचं चित्र, मग निळा पडदा, त्यावर ‘नो सिग्नल’. ती वायर काढून परत खोचावी लागते, तरी मिनिटभर निळं. सगळं अंगण निळं झालं, माड, तुळस, खुर्च्या. त्या निळ्या उजेडात भावजी पायातली चप्पल काढून अंगठा चाचपत होते. नख परत आलंय, जरा वाकडं.

पुढचं वाचायचं की नाही ते ठरवा, कारण शेवट सांगणार आहे. सिनेमात शेवटी दोघे मैतर उरतात. गॅरेटीच्या बापाला मेजरने मारलेलं असतं आणि जिंकून मेजरचा सूड घ्यायचा म्हणून तो आलेला असतो. पण तोच थांबतो, मैतराला जिंकू देतो. तो मैतर बक्षीस म्हणून बंदूक मागतो आणि मेजरला उडवतो. मग पुन्हा चालायला लागतो.

यावर पोरांची जी जुंपली! मुलगा उभा राहून म्हणाला, हे पुस्तकात नाही, हा सूड मुद्दाम घुसडलाय. मैत्रीण आता रडली, आणि रडतारडताच त्याच्यावर ओरडली, की तुला मैत्रीचं काही वाटत नाही का, फक्त पानं मोजतोस. मुलगा म्हणाला, मला वाटतंय म्हणूनच राग आलाय. तोही रडत होता हे मैत्रिणीला दिसलं नाही, मला दिसलं, कारण मी बाजूला बसले होते. महिनोन् महिने पुस्तक मनात घेऊन फिरलेल्या माणसाचं असं होतं, त्याचा मेलेला माणूस दुसऱ्या कोणीतरी वेगळ्या तऱ्हेने मारला की त्याला तो पुन्हा एकदा गेल्यासारखा वाटतो. माझं मत विचाराल तर मेजर पडला तेव्हा मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच तो शेवट जरा कमी पडला. तोवर सिनेमाने मला एकदाही बरं वाटू दिलं नव्हतं. दीड तास जे पायात भरत होतं ते एका गोळीत उतरलं. पण थांबण्याआधी त्या दोघांच्या तोंडाकडे बघा, ते पुरेसं आहे.

पुतणी कोणाच्याच बाजूने बोलली नाही. तिने लॅपटॉप मिटला, वायरी गुंडाळल्या आणि खुर्च्या आत नेल्या. एरवी तिला तीनदा सांगावं लागतं.

सकाळी साडेआठला पोरगा सामान न्यायला आला. पडद्याच्या कोपऱ्यात सोलकढीचा डाग सापडला, अनामतीतले दोनशे कापले. डाग बोटाच्या पेराएवढा आहे आणि खालच्या काठाला, जिथे चित्र पडतच नाही. मी म्हटलं, अरे, तू रिमोट सेल नसलेला दिलास त्याचे किती कापू? तर म्हणाला, काकी, पुढच्या वेळी शंभर कमी घेईन. म्हणजे माझे शंभर अजून येणे आहेत. वेळेवर आला, वेळेवर नेलं, उलट बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहिते. नाताळात घेणार का? घेणार, पण दिवसभरासारखा उजेड असलेला, गाण्याबिण्यांचा सिनेमा आणि इन्व्हर्टरवर. स्पीकर त्याचा नको, आमच्या वाडीतल्या भजनी मंडळाचा बरा आहे. पाचातले अडीच तारे देते, अर्धा तो त्याच्या आईसाठी.

पोरगा पडदा गुंडाळत होता. भावजी माडांवरून दोर सोडवत होते, पुतणी खाली शिशाची वजनं गोळा करत होती. भावजींनी दोराची गाठ दातात धरून सोडवली आणि विचारलं, “पुस्तकात शेवटाक तो थांबता काय गो?”

“नाय पप्पा. सगळे मरतत, ह्यो जिंकता, तरी थांबना नाय. फुडे कोणतरी दिसता म्हणान चलतच रवता. धावाक लागता.”

भावजींनी दोर कोपरावर गुंडाळला, सात-आठ वेढे.

“मगे लिवणाऱ्यान बरोबर लिवल्यान,” ते म्हणाले, आणि दोर खांद्यावर टाकून होडीकडे गेले.